संगणकाची नवी घडी आणि कचेरीची बंद वाट

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एका तक्रारीचें पीक विशेष आलें आहे. गांवें निराळीं, घराणीं निराळीं, पण मजकूर बहुधा एकच: रात्रीं लॅपटॉपवर अपडेट चढलें, सकाळीं यंत्र व्यवस्थित सुरू झालें, बातम्या दिसतात, बँकेचें पान उघडतें, अमेरिकेंतल्या नातवाचा चेहराही स्वच्छ दिसतो, परंतु चिरंजीवांची किंवा सूनबाईंची कचेरी मात्र उघडत नाहीं. 'व्हीपीएन लागत नाहीं' एवढें तीन शब्दांचें उत्तर घरांतील मंडळींस मिळतें, आणि त्या तीन शब्दांनीं घरांतील हवा दोन दिवस तंग राहते. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची सर्वसाधारण निगराणी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. त्या सुमारास आणि त्यानंतर पुष्कळ घरांतील यंत्रें विंडोज ११ वर नेण्यांत आलीं. हें लक्षांत घेतां अशा पत्रांची संख्या कां वाढली याचें फारसें नवल वाटावयास नको. तेव्हां या अंकीं याच एका विषयाचा परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

घरांतील ज्या वडील मंडळींना हें प्रकरण म्हणजे काय याचीच कल्पना नाहीं, त्यांच्याकरितां प्रथम चार शब्द लिहितों. ज्यांस तें ठाऊक आहे त्यांनीं हा परिच्छेद ओलांडून खुशाल पुढें जावें. कचेरीचे हिशेब, करारमदार, ग्राहकांच्या याद्या हें सर्व कचेरीच्या आपल्या यंत्रांत ठेविलेलें असतें व बाहेरच्या माणसास तेथें मज्जाव असतो. इंटरनेट ही तर सार्वजनिक वाट. तिच्यावरून जाणारें पत्र वाटेंतला कोणीही उलगडून पाहील, असें धरूनच चालावें लागतें. म्हणून तोड अशी काढली कीं, मूळ पत्र सांकेतिक लिपींत लिहून एका लखोट्यांत घालावयाचें, त्यावर लाखेची मोहोर करावयाची, आणि तो लखोटा आणखी एका साध्या लखोट्यांत घालून त्यावर केवळ कचेरीच्या देवडीचा पत्ता लिहावयाचा. वाटेंतल्यांना बाहेरचा पत्ता तेवढा दिसतो. देवडीवरचा पहारेकरी बाहेरचा लखोटा फोडतो, मोहोर पारखतो आणि आंतलें पत्र ज्याचें त्यास पोंचवितो. म्हसळ्याच्या माडीवर बसलेला मनुष्य अशा रीतीनें पुण्याच्या कचेरींतील आपल्या खुर्चीवर बसल्यासारखाच होतो. या व्यवस्थेस व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क किंवा संक्षेपानें व्हीपीएन असें म्हणतात.

लखोटा करण्याच्या रीति मात्र अनेक आहेत, आणि पुढें जें सांगावयाचें आहे तें समजण्यास त्यांतील दोनचारांची नांवें माहीत असणें अवश्य आहे. १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट व इतर कांहीं कंपन्यांनीं मिळून पीपीटीपी नांवाची रीति काढली. ती वापरण्यास इतकी सोपी होती कीं जगभर पसरली. पण तिचें कुलूप कच्चें निघालें. २०१२ सालीं मॉक्सी मार्लिनस्पाइक या अमेरिकन तज्ज्ञानें तें एका दिवसाच्या आंत उघडतां येतें असें चारचौघांत दाखवून दिलें. तिच्या मागून आलेली एलटूटीपी ही रीति आयपीसेक नांवाच्या बळकट मोहोरेशीं जोडून वापरतात, व अजूनही कित्येक मध्यम कंपन्यांचा कारभार तिच्यावर चालतो. ओपनव्हीपीएन ही तिसरी. तिचा कर्ता जेम्स योनान हा मध्य आशियांत प्रवास करीत असतां तेथील परक्या जाळ्यांतून आपल्या कामाशीं जोडून घ्यावें लागल्यामुळें त्यास या गोष्टीचें अगत्य वाटलें, आणि २००१ मध्यें त्यानें ती प्रसिद्ध केली. सर्वांत धाकटी वायरगार्ड. लिनक्सच्या गाभ्यांत तिला जागा मिळाली ती मार्च २०२० च्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी लागून चारपांच दिवस होतात न होतात तोंच! सगळें जग घरांत कोंडलें गेलें त्याच आठवड्यांत घरांतून बाहेर जाण्याची ही नवी वाट तयार व्हावी, हा योगायोग आम्हांस तरी मोठा मौजेचा वाटतो.

कोणी म्हणेल, म्हसळ्यासारख्या गांवीं बसून या उठाठेवी कशाला? त्यास उत्तर असें. राजपुरीच्या खाडीचा एक फांटा जेथें डोंगरांत शिरतो तेथें वसलेला हा गांव. १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानचा एक महाल. येथील सुशिक्षित घरांची कथा दोन पिढ्या एकच चालत आली: मुलगा शिकला कीं मुंबईस किंवा पुण्यास गेला; मागें राहिलीं तीं दोन म्हातारीं माणसें, विहीर, आणि पोफळीची वाडी. गणपतींत आठ दिवस घर भरावें आणि पुनः रितें व्हावें. २०२० च्या टाळेबंदीनें हा क्रम प्रथमच उलटा फिरविला. मुलें-सुना सामानासह घरीं आलीं, आणि माडीवर पूर्वीं जेथें भाताच्या कणग्या होत्या तेथें मेज-खुर्च्या मांडून कचेऱ्या थाटल्या गेल्या. लगेच ३ जून २०२० रोजीं श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' वादळ आदळलें. ताशीं शंभर-एकशें दहा किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्यानें छपरें उडविलीं, वाड्या आडव्या केल्या, विजेचे खांब मुळासकट उपटले. कित्येक गांवांत आठवडेच्या आठवडे दिवा नव्हता, मग जोडणीची गोष्ट कशाला? तरीही जीं माणसें टिकलीं तीं टिकलीं, व त्यांतील कांहीं आजही येथें आहेत. तात्पर्य, व्हीपीएनची वाट ही येथें नुसती नोकरीची सोय नव्हे. घरांत माणूस राहील कीं शहराकडे परत जाईल, हें कित्येक ठिकाणीं तिच्यावर ठरतें.

आमच्याच आळींतील एका घरचा प्रसंग सांगितल्यास हें स्पष्ट होईल. जानेवारी २०२२ मधला हा प्रसंग. घर मोठें, आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि मुलें. धाकटी सून पुण्याच्या एका कंपनीचे हिशेब पाहते. दिवाळीनंतर आजी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या, खुब्याचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली. वडील सून शाळेंत शिक्षिका असल्यामुळें दिवसभर बाहेर; तेव्हां धाकटीनें कचेरीकडून घरून काम करण्याची सवलत मागून घेतली होती, व ती महिन्या-महिन्यानें वाढवून मिळत होती. बुधवार, १२ जानेवारी. दोन दिवसांवर संक्रांत, आणि आठ दिवसांवर, म्हणजे २० तारखेस, जीएसटीचें मासिक विवरण भरण्याची अखेरची मुदत. दुपारीं जेवणें उरकून ती माडीवर गेली तों लॅपटॉप आपणहून एकदां बंद होऊन सुरू झालेला, आणि कचेरीची जोडणी कांहीं केल्या होईना. आरंभीच्या वाटाघाटींतच सुरक्षेच्या थरांत अडचण आली, अशा अर्थाचें एक वाक्य पडद्यावर येई आणि जाई.

एकत्र कुटुंबांत एखाद्याला ताप आला म्हणजे ज्याप्रमाणें प्रत्येकाजवळ एक काढा निघतो, त्याप्रमाणें येथेंही झालें. थोरल्या दिरांनीं राउटर तीन वेळां बंद करून तीन वेळां चालू केला. जाऊबाई शाळेंतून आल्या त्यांनीं पासवर्ड पुनः घालून पाहा म्हणून सांगितलें. पुतण्या कॉलेजांतला, तो म्हणाला, "काकू, मोबाईलवर फुकटचं व्हीपीएन मिळतं, तें टाकून बघूं या कां?"

"अरे, तें मला दुसऱ्याच कोणाच्या तरी घरीं नेऊन सोडील," ती म्हणाली. "मला माझ्या कचेरींत जायचंय."

एवढ्या लहान वाक्यांत तिनें जो भेद सांगितला तो भल्याभल्यांच्या ध्यानांत येत नाहीं. बाजारांत मिळणारें व्हीपीएन हें आपला ठावठिकाणा झांकण्यासाठीं असतें, आणि कचेरीचें व्हीपीएन हें कचेरींत शिरण्यासाठीं. पहिलें दुसऱ्याचें काम कधींच करणार नाहीं.

संध्याकाळीं दिरांनीं विषय काढला. "एसटीनें माणगांव गांठ, तिथून पुण्याची गाडी मिळेल. विवरण भरून होईपर्यंत तिथें राहा. आईकडे आम्ही बघतों." खाटेवरून आजी म्हणाल्या, "माझ्यापायीं तुझी नोकरी अडायला नको ग. तूं जा." सल्ला कोणाचाच वाईट नव्हता. पण एकदां पुण्यास जाऊन काम होतें असें कचेरीच्या नजरेस आलें म्हणजे पुढच्या महिन्याची सवलत मिळणार नाहीं, हें तिला पुरतें ठाऊक होतें. आणि आजींना रात्रीं दोनदां उठवून न्यावें लागे तें काम दिरांच्यानें किंवा पुतण्याच्यानें होणारें नव्हतें. "आई, उद्यां दुपारपर्यंत थांबूं या," एवढेंच ती बोलली.

तिनें नंतर जें केलें त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम घरची जोडणी सोडून मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून प्रयत्न केला, अडचण तीच. म्हणजे घरच्या लाइनीचा दोष नाहीं. मग दिरांचा जुना लॅपटॉप, जो कित्येक महिन्यांत उघडलाही नव्हता, तो कपाटांतून काढविला, कचेरीची फोनवर परवानगी घेऊन त्यावर तीच जोडणी मांडली, आणि ती पहिल्या फटक्यास लागली! म्हणजे कचेरीची देवडी उघडी आहे, नांव-पासवर्ड बरोबर आहेत, वाट मोकळी आहे. दोष तिच्या यंत्रांतच आहे, आणि दोन यंत्रांत फरक म्हटला तर एवढाच कीं एकावर कालचें अपडेट चढलें आहे, दुसऱ्यावर नाहीं. हें तिनें कचेरींतील संगणकाच्या माणसास कळविलें तेव्हां त्यास सकाळपासून असेच फोन येत असल्याचें समजलें. दुसऱ्या दिवशीं त्याच्या सांगण्यावरून तें एक अपडेट काढून टाकलें, यंत्र पुनः सुरू केलें, आणि दुपारीं एकच्या सुमारास कचेरी उघडली. संक्रांतीचा तिळगूळ त्या घरीं आजींच्या खाटेपाशींच वाटला गेला.

या घोटाळ्याचें खरें कारण पुढें प्रसिद्ध झालें तें असें. ११ जानेवारी २०२२ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० व ११ यांकरितां जीं मासिक अपडेटें सोडलीं त्यांत एक चूक राहिली होती. आयपीसेकच्या वाटाघाटी सुरू होतांना उभय बाजू एकमेकींस आपण कोणत्या कारखान्याच्या, हें सांगणारी एक खूण पाठवितात. परका मनुष्य ओटीवर आला म्हणजे आपण जसें "आपण मूळचे कुठले?" असें विचारतों, तसाच हा प्रकार. नव्या अपडेटनंतर विंडोज त्या खुणेपाशींच अडखळूं लागली, आणि जगांतील असंख्य एलटूटीपी जोडण्या एका रात्रींत बंद पडल्या. ज्या कचेरीस आपल्या सर्व्हरवरून ती खूण पाठविणें बंद करतां येई तिनें तसें करावें, असा तात्पुरता उपाय कंपनीनें सुचविला, व १७ जानेवारीस नेहमींची मासिक तारीख सोडून वेगळी दुरुस्ती प्रसिद्ध केली. तीही ज्याच्या त्याच्या यंत्रावर आपणहून आली असें नाहीं. कित्येकांना ती मुद्दाम मागून घ्यावी लागली. ९ एप्रिल २०२४ च्या अपडेटनें पुनः असाच प्रकार घडविला, आणि त्याची दुरुस्ती १४ मेच्या अपडेटांत आली. एक महिना आणि पांच दिवस! एवढ्या मोठ्या कंपनीस एवढा वेळ लागावा हें आम्हांस शोभादायक वाटत नाहीं. परंतु तो वाद येथें नको.

कंपनीची चूक नसतांही जोडणी तुटते, आणि हा दुसरा प्रकार संख्येनें अधिक आहे. कधीं जुनी रीतच नव्या घडींतून काढून टाकलेली असते. ॲपलनें २०१६ च्या आवृत्तींत, फोन आणि संगणक दोहोंतून, पीपीटीपी काढून टाकली. अँड्रॉइडच्या २०२१ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून पीपीटीपीची किंवा एलटूटीपीची नवी जोडणी मांडण्याची सोय राहिली नाहीं. आणि मायक्रोसॉफ्टनेंही ऑक्टोबर २०२४ मध्यें सर्व्हरच्या पुढील आवृत्तींतून या दोन्ही रीतींना निरोप देण्याचा मानस जाहीर केला आहे. अशा वेळीं घरीं बसून कितीही खटपट केली तरी व्यर्थ आहे. कचेरीनेंच नवी रीत स्वीकारली पाहिजे. कधीं व्हीपीएनचा कार्यक्रम नव्या घडीला अनोळखी होतो. सप्टेंबर २०२४ मध्यें मॅकची सिक्वोया ही आवृत्ति निघाली तेव्हां सुरक्षेचे व व्हीपीएनचे कांहीं कार्यक्रम अडले, व ऑक्टोबरच्या आरंभींच्या छोट्या दुरुस्तीनंतर ताळ्यावर आले. आणि कधीं केवळ एखादी परवानगी, एखादी किल्ली, एखादा आभासी जोड नवी घडी बसतांना गळून पडलेला असतो. घराला नवी कौलें घातलीं म्हणजे झुंबराची कडी कोठें गेली तें कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

आतां स्वतःच्या घरीं असा प्रसंग आल्यास काय करावें? वरील सूनबाईंचा क्रमच उत्तम आहे. साधें इंटरनेट चालतें काय, दुसऱ्या लाइनीवरून काय होतें, दुसऱ्या यंत्रावरून काय होतें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून कशालाही हात लावूं नये. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून मोबाईलची लहर आंत शिरत नाहीं. तेव्हां हॉटस्पॉटची परीक्षा अंगणांत किंवा गच्चीवर बसून करावी, नाहींतर निष्कारण लाइनीस दोष दिला जाईल. पडद्यावर आलेलें वाक्य व त्यासोबतचा आंकडा कागदावर उतरून घ्यावा. विंडोजमध्यें हे आंकडे बरेच बोलके असतात. ६९१ आला तर नांव किंवा पासवर्ड चुकला आहे. ८६८ म्हणजे कचेरीच्या देवडीचें नांव यंत्रास सांपडत नाहीं. ८०९ म्हणजे वाटेंत, बहुधा राउटरपाशीं, कोणी तरी लखोटा अडवीत आहे. ७८९ म्हणजे आरंभीच्या वाटाघाटी फिसकटल्या; सामाईक किल्ली चुकीची असल्यासही हा येतो आणि जानेवारी २०२२ मध्यें आलेलें वाक्यही याच आंकड्याचें. ७२० हा मात्र अपडेटनंतर विशेष दिसतो: यंत्राच्या आंतील आभासी जोडच विस्कटला आहे असा त्याचा अर्थ. डिव्हाइस मॅनेजरमध्यें जाऊन 'वॅन मिनिपोर्ट' नांवाच्या नोंदी काढून टाकाव्या आणि यंत्र पुनः सुरू करावें, म्हणजे विंडोज त्या नव्यानें मांडते व बहुधा काम भागतें.

कचेरीनें दिलेला व्हीपीएनचा स्वतंत्र कार्यक्रम असेल तर त्याची चालू आवृत्ति कचेरीकडून मागून घ्यावी, जुना कार्यक्रम पूर्णपणें काढावा, यंत्र एकदां बंद करून सुरू करावें, आणि मगच नवा घालावा. मधलें बंद करणें पुष्कळ लोक गाळतात व जुन्याचे अवशेष नव्यास नडतात. मॅक असेल तर सिस्टीम सेटिंग्जमध्यें 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागांत त्या कार्यक्रमाची परवानगी प्रलंबित राहिली आहे काय तें पाहावें. कित्येकदां एक बटण दाबण्यापलीकडे कांहींच करावें लागत नाहीं. घड्याळ व तारीख पाहण्यास विसरूं नये. यंत्राची तारीख मागें पडली असेल तर कचेरीचें प्रमाणपत्र त्यास खोटें वाटतें आणि देवडी बंद राहते.

अपडेट काढून टाकणें हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. त्या अपडेटांत बिघाडाबरोबर चोरवाटा बंद करणाऱ्या दुरुस्त्याही असतात, व तें काढलें म्हणजे त्याही जातात. म्हणून कचेरीच्या माणसाच्या संमतीनें व नवी दुरुस्ती येईपर्यंतच तसें करावें. विंडोज १० वरून ११ वर गेलेल्यांस पूर्वीच्या घडीवर परत जाण्याची सोय आहे, पण ती सर्वसाधारणपणें १० दिवसच. अकराव्या दिवशीं ती वाट मिटते. शिवाय १० ची निगराणी आतां संपलेली असल्यामुळें तिकडे परत जाऊन कायमचें राहण्यांत शहाणपण नाहीं.

एक प्रकार याहून चमत्कारिक. जोडणी लागली असें यंत्र सांगतें, पण कचेरीचीं पानें उघडत नाहींत. किंवा लहान पत्रें जातात आणि मोठी फाइल अर्ध्यावर अडकून राहते. पहिल्यांत बहुधा नांवांवरून पत्ते शोधण्याची व्यवस्था, जिला डीएनएस म्हणतात, ती कचेरीकडे न विचारतां घरच्या राउटरकडेच विचारीत असते. हें कचेरीच्या माणसास सांगितल्यास तो चटकन् दुरुस्त करील. दुसऱ्याचें कारण लखोट्याच्या आकारांत आहे. घरच्या जाळ्यांत एका खेपेस साधारणपणें १५०० बाइट जातात. फायबरच्या कित्येक जोडण्यांत ८ बाइट आधींच खर्ची पडून १४९२ उरतात. त्यांत व्हीपीएनचा दुसरा लखोटा चढला म्हणजे गठ्ठा दिंडीदरवाजांतून जाईनासा होतो. अपडेटनंतर हा माप ठरविणारा आंकडा, म्हणजे एमटीयू, पूर्वस्थितीवर गेलेला असतो. तो थोडा उतरविला कीं मोठी फाइल चालूं लागते.

येथवर यंत्राचें झालें. परंतु याहून मोठें संकट घाबरलेल्या माणसाच्या शोधाशोधींत आहे, व त्याविषयीं विशेष कळकळीनें लिहिणें भाग आहे. 'व्हीपीएन मदत' असे शब्द घालून शोधल्यास जे फोन-नंबर वर येतात त्यांतले कित्येक भामट्यांचे असतात. तिकडचा मनुष्य गोड बोलतो, पडदा दूरून पाहतां येईल असा एक लहान कार्यक्रम घालावयास सांगतो, आणि तो घातला म्हणजे केवळ कचेरीचे कागदच नव्हे, तर त्याच यंत्रावर आजोबांच्या पेन्शनचें खातें, घरच्या ठेवी, सर्व त्याच्या डोळ्यांसमोर उघडें होतें. एकत्र कुटुंबांत एक लॅपटॉप चौघे वापरतात, म्हणून हा धोका चौपट. कचेरीच्या स्वतःच्या माणसाखेरीज कोणासही पडदा दाखवूं नये. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसतां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं खबर गेली तर ते वाटेंत अडविण्याची शक्यता असते.

फुकटच्या व्हीपीएनचा मोह पुतण्यामंडळींना फार. त्यांस एवढेंच सांगावें कीं, ज्याच्या देवडींतून आपलीं सगळीं पत्रें जाणार, तो देवडीवाला फुकट कां बसला आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ च्या आज्ञापत्रान्वयें असल्या धंदेवाईक सेवांस ग्राहकांची नोंद पांच वर्षें ठेवणें बंधनकारक केलें, त्यावर कित्येक परदेशी कंपन्यांनीं आपले सर्व्हर येथून उचलले. कचेऱ्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो नियम लागू नाहीं. तेव्हां सूनबाईंच्या कामास सरकारी अडथळा आहे कीं काय, अशी जी शंका एका आजोबांनीं पत्रानें विचारली आहे तिचें उत्तर नाहीं असेंच आहे.

नवी घडी बसविण्यापूर्वींच एका वहींत चार गोष्टी टिपून ठेवाव्या: देवडीचें पूर्ण नांव, रीत कोणती, सामाईक किल्ली कोणाजवळ मिळेल, आणि कचेरींतील संगणकाच्या माणसाचा फोन. पासवर्ड मात्र वहींत लिहूं नये. आणि अपडेट शुक्रवारीं रात्रीं घ्यावें. सोमवारपर्यंत दोन दिवस हातीं राहतात. विंडोजमध्यें अपडेट कांहीं दिवस थोपवून धरण्याची सोय आहे. महिन्याचे हिशेब चालू असतील तेव्हां ती अवश्य वापरावी.

शेवटीं एका पत्राचें उत्तर राहिलें आहे. दोघे भाऊ एकाच कंपनींत, एकाच घरांत, एकाच राउटरवर काम करतात. नव्या अपडेटपासून थोरल्याची जोडणी लागली कीं धाकट्याची तुटते, अशी त्यांची तक्रार. येथें अपडेट बहुधा निर्दोष आहे. एलटूटीपीच्या रीतींत एकाच राउटरमागून दोन यंत्रें एकाच देवडीवर गेलीं तर पुष्कळदां पहारेकऱ्यास तीं दोन माणसें आहेत हें ओळखूं येत नाहीं. पूर्वीं दोघांच्या कामाच्या वेळा निराळ्या असल्यामुळें हें दिसलें नसेल. कचेरीकडून दुसरी रीत मिळेपर्यंत धाकट्यानें मोबाईलची लाइन वापरावी, आणि तिचा खर्च दोघांनीं वांटून घ्यावा.